कुर्ली छाप

म्हापशात, शिवणयंत्रांच्या दुकानावर
एक खोली होती. खिडक्यांना गाद्या ठोकलेल्या.
शुक्रवारी रेकॉर्डिंग नाही, बाजार आत शिरायचा.
बाकीचे दिवस इनासियु मिनेझिश आवाज पकडायचा,
कुर्ली पकडतात तसा :
मागून, नांगीला हात न लावता.

"सुई बघ," म्हणायचा, "सरळ जाते का?
कडेकडेनं सरकत आत शिरते. आमचं जनावर तेच."
म्हणून निळ्या कागदावर तांबडी कुर्ली.

मी पंधरा वर्षांचा. माझ्याकडे यादी :
नंबर, गाणं, गाणाऱ्याचं नाव.
यादी दमदमला जायची, कारखान्यात,
सोबत मेणाच्या तबकड्या, भाताच्या कोंड्यात
तान्ह्या पोरांसारख्या झाकलेल्या.

गोदूबाई म्हार्दोळच्या.
देवळात एका पदाला रात्र पुरायची नाही त्यांना.
इथं सव्वातीन मिनिटं.
इनासियु कोपऱ्यातून रुमाल वर करायचा, म्हणजे आटपा.
पहिल्यांदा त्या गाता गाता थांबल्याच :
"हें कितें? कोण मेलो?"
एक मेण फुकट गेलं.
दुसऱ्या वेळी रुमाल दिसला तरी
त्यांनी समेवर यायची घाई केली नाही,
आल्या तेव्हा सुईला अर्धं बोट जागा उरली होती.

क्लेमेंतीन आसगावची, तियात्रात गाणारी.
सातवा महिना. भिंतीला पाठ टेकून गायली.
मधल्या कडव्यात खालून पदेराचा भोंगा.
तो तसाच राहिला,
तिसरं मेण परवडत नव्हतं.

गाणं संपलं की आपलं नाव सांगायचं, हा नियम.
कारखान्यात कळावं, कोण कुठलं.
त्यासाठी माझी यादीही होतीच.

यादीत मी चार लिहिला होता, आपला,
वरून तोंड उघडा असलेला : ४.
तिकडे कुणीतरी ते तोंड मिटवलं
आणि इंग्रजी आठ वाचला.
क्लेमेंतीनच्या नावाखाली म्हाळसेचं पद आलं,
गोदूबाईंच्या नावाखाली
दर्यापार गेलेल्या नवऱ्याचं गाणं.

दोनशे तबकड्या. एकही परत आली नाही.
दिवाडीला फेस्ताच्या रात्री, कुणी सांगितलं,
लादाईन आटोपून चावी दिली तर म्हाळसा प्रकटली.
म्हातारा पेद्रू म्हणाला, "राहू दे, बाई थकलेली वाटते."

मी आठ दिवस जेवलो नाही धड.
गोदूबाई स्वतः आल्या, जिना चढून,
पदरात गुंडाळलेली तबकडी घेऊन.
"लाव."
लावली. संपत आली तशी मी सुई उचलायला गेलो,
त्यांनी मनगट धरलं.
खर्र, खर्र, आणि मग
क्लेमेंतीनचा दम लागलेला आवाज :
म्हजें नांव क्लेमेंतीन. आसगांव.
"कागद तुझा, पोरा. नाव तिचं तिनं सांगितलंय."
सुरुवात तपासणं हे माझं काम.
शेवटापर्यंत मी एकही तबकडी ऐकली नव्हती.

पंचावन्नला गाडी बंद झाली.
शेवटची पेटी कॅसलरॉकच्या गुदामात अडकली,
सहा पावसाळे.
इनासियु तोवर लोरेन्सु मार्किशला,
क्लेमेंतीनचं कुणाला ठाऊक नाही,
गोदूबाई आदल्या श्रावणात गेल्या.
बासष्टला पेटी सोडवायला मी एकटा,
शिपायाला दोन रुपये.

तबकड्या पापडासारख्या वाकलेल्या.
कुर्लीवर बुरशी, यादी वाळवीनं खाल्लेली.
त्यातली बरी बघून लावली.
आवाज वर जाई, खाली येई,
भरतीत बांधलेल्या होडीसारखा.
पद कुठलं ते अजून सांगता येत नाही मला.
मी फक्त शेवटाची वाट बघत बसलो.

खर्र. खर्र.
मी गोदू. म्हार्दोळची.
आणि नियमात नसलेलं, जरा हसत :
इनासियु, सोड तो रुमाल आता,
हात भरून आला असेल रे.